रिकामा ट्रेलर उड्या मारतो

—नाही, नाही, तिथं बोट नका घालू, चेमटेल. आधी ही पिन वर ओढायची, मग खटका दाबायचा, की वाटी गोळ्यावरून सुटते. हं. आता उचला. हलका वाटतो ना? सगळ्यांना वाटतो. दांडीवर थोडंसंच वजन येतं, बाकीचं चाकं घेतात. तुमची मोटरसायकल ती बाहेरची? ती लाल? मागं गोळा आहेच तिला, मग चालेल. ओढायला काय हो, कुठलीही गाडी ओढते — थांबवायला ताकद लागते. हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बसा ना. त्या स्टुलावर नको, त्याला खळ लागलेली असेल, इकडे गठ्ठ्यावर बसा, रद्दीच आहे ती. रोपं न्यायचीत म्हणालात. कुंड्यांतली का पिशव्यांतली? पिशव्यांतली. म्हणजे ओली माती, वजन आलं. मग एक लक्षात ठेवा, जड ते पुढं. चाकांच्या जरा पुढं. मागं जड ठेवलंत तर हा शेपूट हलवायला लागतो, आणि एकदा शेपूट हलवायला लागला की तुमच्या हातात काही राहत नाही. नाही, घाबरवत नाही. चांगला ट्रेलर आहे. मीच बनवलाय — म्हणजे वेल्डिंग माझं नाही, ते कोपऱ्यावरच्या वेल्डरचं, पण बाकी डोकं माझं आणि बायकोचं.

—मी? मी बाइंडर. हे सगळं दिसतंय ना, हे कटिंग मशीन, हा पुस्तकं दाबायचा शिकंजा, ही पुस्तकं — वाचनालयाची आहेत, पाठ गेलेली. लोक वाचताना पुस्तक पालथं ठेवतात, त्यानं शिवण उसवते. मग येतं माझ्याकडे. लोखंडाशी माझा संबंध काय, तर दाभण. तेवढाच. म्हणून तर वेल्डर हसला मला. तुम्ही विचाराल, मग बाइंडरला ट्रेलर कशाला हवा होता? — सांगतो. खुर्चीसाठी. चाकांची खुर्ची. बायकोच्या पायांतली ताकद गेली, मणक्याचं दुखणं, हळूहळू गेली, एकदम नाही — आधी काठी, मग दोन काठ्या, मग भिंत, मग मी. आम्ही इथंच वर राहतो, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना बघितलात ना, दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरायचं, असला जिना. तेव्हा तिला खाली आणायचं म्हणजे मी उचलून आणायचं. आधी तिला, तिला बाकावर बसवायचं, मग परत वर जाऊन खुर्ची. वर नेताना उलट. शेजारचे मदतीला यायचे सुरुवातीला. मग यायचे नाहीत असं नाही, पण दार उघडायला जरा वेळ लावायचे. त्यांचं तरी काय चुकलं. रोज कोण येईल.

आता तुम्ही म्हणाल रिक्षा आहे, टॅक्सी आहे, बस आहे. बसचं नावच काढू नका, बसच्या पायऱ्या कुणाच्या मापानं करतात देव जाणे. टॅक्सीनं गेलो आम्ही एकदा तिच्या बहिणीकडे. धाकटी बहीण तिची, माझी मेहुणी, दुसऱ्या गावी असते, दोन-अडीच तासांचा रस्ता. टॅक्सीवाला चांगला होता बिचारा, पण सारखा आरशातून मागं बघायचा, ताईंना त्रास होतोय का, ताईंना पाणी हवंय का — मला विचारायचा. तिला नाही, मला. घरी आल्यावर ती म्हणाली, "अहो, परत टॅक्सी नको. मला मोटरसायकलवर न्या." मी म्हटलं, वेडी आहेस का, पडशील. तर म्हणाली, "बांधा मला. लग्नानंतर सगळीकडे मोटरसायकलवरच फिरलो ना? मग आता काय झालं?" आता काय झालं! मी म्हटलं, बरं, तू बसशील, आणि खुर्ची? खुर्ची काय डोक्यावर घेऊ? त्यावर ती हसत म्हणाली, "खुर्चीला मागून येऊ द्या." तिथून हे सुरू झालं. विनोद म्हणून म्हणाली ती, पण मला रात्रभर — म्हणजे डोक्यातून जाईना ते. खुर्चीला मागून येऊ द्या.

तयार मिळतात तसे. मोबाइलवर बघितले मी. अंड्यासारखे गुळगुळीत, चकचकीत, त्यात हेल्मेट ठेवायचं आणि तंबू ठेवायचा आणि डोंगरात जायचं, असल्या लोकांचे. त्यात खुर्ची मावत नाही. शेतीच्या अवजारांचा एक दुकानदार म्हणाला माझ्याकडे हातगाडीसारखा आहे, जोडून देतो — तो एवढा जड की मोटरसायकलनं त्याला ओढण्याऐवजी त्यानंच मोटरसायकलला ढकललं असतं उतारावर. मग वेल्डरकडे गेलो. काजळी म्हणतात त्याला सगळे, मूळ नाव त्याला स्वतःला तरी आठवतं की नाही. तो म्हणाला एकचाकी करू. एकचाकी छान असतो, मोटरसायकलबरोबर कलतो, वळणावर मागं काही आहे हेच कळत नाही. खरं आहे. पण गाडी उभी राहिली की तो आडवा व्हायला बघतो, आणि त्याला उभं धरायचं काम कुणाचं? गाडीचं. म्हणजे माझ्या दोन पायांचं. आणि मागं बसलेल्या बाईचे पाय जमिनीला टेकणारे नाहीत. मग तीन जणांना मीच उभं धरायचं? मी म्हटलं, बाबा रे, स्वतःच्या पायावर उभा राहील असं एक तरी काहीतरी कर. म्हणून दोन चाकं.

बनवायचा कसा तर मी आधी पुठ्ठ्याचा केला. हसू नका. मी पुठ्ठ्याचा माणूस, मला लोखंडात विचारच करता येईना. इथं या फरशीवर केला, अख्खा, खरा तेवढा, कोपऱ्यांना बाइंडिंगचं कापड चिकटवलं. मग तिला खाली आणली. ती खुर्चीत बसून त्याच्याभोवती एक चक्कर मारून आली, म्हणाली, "आतून अस्तर लावा, छान दिसेल." ती कटर होती, शिवणकामाच्या कारखान्यात, कापड कापायची — थराच्या थर कापड एका वेळी, हात जरा हलला तर सगळे शर्ट वाया. हात नाही हलायचा तिचा. तिनं टेप मागवली. घडी केलेली खुर्ची आत ठेवायला लावली आणि म्हणाली, "दोन बोटं जास्त धरा सगळीकडून. अंगाला घट्ट बसलं की घासतं." मग ती खुर्ची कुठं टेकेल, पट्टा कुठून जाईल, सगळं तिनं खडूनं आखलं पुठ्ठ्यावर. तसं खूप दिवसांनी आम्ही दोघं मिळून काहीतरी करत होतो. नाहीतर काय — गोळी घेतलीस का, पाणी देऊ का, वळवू का. तेवढंच बोलणं.

हे खाली बघा, चौकोनी पाइपची चौकट. चाकं स्कूटरची, एकाच जातीच्या दोन भंगार स्कूटरची, दोन्ही टायर एकदम नवे घातले. एक नवा आणि एक जुना घातला होता आधी, तर ट्रेलर सारखा एका अंगाला ओढायचा, हट्टी मुलासारखा. आणि हा जोड — हा गोळा आणि ही वाटी — याच्यापायी मी पडलोय. काजळीनं आधी ट्रॅक्टरला असतो तसा जोड केला, खोबणीत पिन. दिसायला भक्कम. पण बघा, मोटरसायकल वळताना कलते, ट्रेलर कलत नाही. पिन कलूच देईना. मैदानात पहिल्याच वळणावर असं वाटलं की मागून कुणीतरी मनगट पिरगाळलं. आडवा झालो. लागलं नाही फार, पँट फाटली. बायको मैदानाच्या कडेला खुर्चीत बसली होती, तिथून ओरडली — काय ओरडली असेल? "मला बसवलं नव्हतंत ते बरं!" मग हा गोळा आणला. गोळ्यावर कसंही वळतं, कलतं, वरखाली होतं. आणि शिवाय ही साखळी, जोड सुटलाच तर ट्रेलर वाऱ्यावर जायला नको म्हणून. साखळीवर कंजुषी नका करू. मागचे दिवे गाडीच्या वायरवरच जोडलेत, ही टोपी काढली की जोडणी दिसेल.

तिच्या सीटला मी पाठ केली, पाय ठेवायला पत्र्याचे दोन खोके केले बुटांसारखे, त्यात पाय बांधायचे. आणि एक पट्टा आम्हा दोघांना मिळून. तिच्या कमरेवरून माझ्या पोटावर. बक्कल पुढं, माझ्याकडे. पहिल्यांदा निघालो तेव्हा गल्लीतले सगळे बघायला आले. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. तिला नाही. तिनं हनुवटी माझ्या खांद्यावर ठेवली आणि सबंध रस्ता कानात बोलत राहिली — ते झाड बघा, ती बाई बघा कशी साडी नेसलीय, तो फलक चुकीचा लिहिलाय. मी म्हणायचो, मला रस्ता बघू दे. गतिरोधक आला की आधी आम्ही उडायचो, मग मागून खुर्ची. धाड. ती म्हणायची, "आली." प्रत्येक वेळी. आली. चौकात पोलीस थांबवायचे, हे काय आहे, कुणी परवानगी दिली — मग झाकण उघडून खुर्ची दाखवायची, की तो तिच्याकडे बघायचा आणि जा म्हणायचा. पुढं पुढं तर सलाम करायला लागला एक.

—हो हो, झाकण निघतं. चार बोल्ट आहेत. काढून द्यायला सांगेन काजळीला, नाहीतर तुम्हीच काढा. — पाणी घेता का? माठ तुमच्या मागंच आहे.

तर मेहुणीकडे जायला लागलो आम्ही. मेहुणीचं शिवणकामाचंच आहे, तळमजल्यावर मोठी खोली, शाळेचे गणवेश शिवतात, सहा-सात बायका असतात. दारातून थेट आत. उंबरासुद्धा नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा बायको खुर्चीतून उतरलीच नाही — म्हणजे, कुणी उचललंच नाही तिला. कळतंय का मी काय म्हणतोय ते तुम्हाला? सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. आपली आपण या टोकाहून त्या टोकाला. आल्या आल्या तिथल्या एका बाईचं कापड चुकत होतं ते बघून म्हणाली, थांब गं, तिरकं चाललंय. झालं. दोन दिवसांसाठी गेलो होतो, चार दिवस राहिलो. पुढच्या वेळी म्हणाली, माझी कात्री घ्या बरोबर, तिथल्या कात्र्यांना धार नाही. घेतली. पुढच्या वेळी गेलो तर मेहुणीनं कापायचं टेबल कापून बुटकं केलं होतं, खुर्चीतून हात पुरेल असं. मी म्हटलंही, वा. मेहुणी म्हणाली, "भावोजी, ताई असली की माझं काम दुपारी संपतं." मला बरं वाटलं. कुणाला नाही वाटणार?

मग तिची इस्त्री गेली. मग उशी — तिला तिचीच उशी लागते, कापूस दाबून दाबून एका बाजूला झालेली. मग थंडीचे कपडे. मग तिची आरशाची पेटी. दर वेळी निघताना ट्रेलर भरलेला असायचा, आणि मीच भरायचो, नीट, जड पुढं, हलकं मागं, वर ताडपत्री, दोरीला गाठ. भरण्यात मी फार पटाईत झालो होतो हो. कुठलीही वस्तू द्या, मी तिला जागा काढायचो. येताना कमी असायचं सामान. मला वाटायचं, काय ओझं परत आणायचं, पुढच्या वेळी जायचंच आहे.

आणि एकदा शिवणयंत्र. तिचं जुनं, पायाचं, त्याचं वरचं नुसतं यंत्र, ते तिथं मोटरवर बसवू म्हणाली. यंत्र म्हणजे ओतीव लोखंड. त्या दिवशी घाई होती, आधी खुर्ची आत गेली होती, म्हणून यंत्र मागं ठेवलं. मी, ज्यानं सगळ्यांना सांगितलं जड पुढं — मी मागं ठेवलं. पुलाच्या अलीकडे लांब उतार आहे. तिथं मला हँडल हलकं झाल्यासारखं वाटलं. मग मागून ढकलल्यासारखं, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, पुन्हा डावीकडून, जास्त. समोरून ट्रक येत होता. माझा पाय ब्रेककडे गेला आणि ती कानात म्हणाली, अगदी हळू, "ब्रेक नका मारू. सोडून द्या. नुसतं सरळ धरा." तिला कसं कळलं विचारू नका. कदाचित तिला कमरेतून कळत असेल, पट्ट्यातून. मी काही केलं नाही. मूठ फिरवून रेस सोडली आणि नुसतं धरलं. ट्रक गेला. मग हळूहळू शेपूट थांबलं, गाडी थांबली. मी बक्कल सोडू शकेना. ती म्हणाली, "बसा थोडा वेळ असेच." बसलो. गाडीवरच, रस्त्याच्या कडेला, एकमेकांना बांधलेले. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तुम्ही किती घाबरलात. माझ्यासाठी का स्वतःसाठी?" मी म्हटलं, असला कसला प्रश्न. ती म्हणाली, "सहज." मग मी उतरलो, सगळं रिकामं केलं आणि यंत्र पुढं ठेवून पुन्हा भरलं. आता बघा — यंत्र हातात घेऊन मी तिथं उभा होतो, ट्रेलरमध्ये जागा करत होतो, आणि मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही की हे यंत्र आपण कायमचं कुठं घेऊन चाललोय.

ते कळलं परत येताना. त्या खेपेला नाही, त्याच्या पुढच्या. ती म्हणाली, मी आठवडाभर राहते, गणवेशांची घाई आहे, तुम्ही जा पुढं. मी एकटा निघालो. आणि ट्रेलर उड्या मारायला लागला. तुम्हाला सांगून ठेवतो, रिकामा ट्रेलर जास्त त्रास देतो. भरलेला बसून राहतो रस्त्यावर, रिकामा दगडावरून उडतो, खड्ड्यातून उडतो, मागं सारखा पत्रा वाजत असतो. मला वाटलं चाकाचा नट ढिला झाला. थांबलो, चाकं बघितली, जोड बघितला, साखळी बघितली. सगळं नीट. मग झाकण उघडलं. आत ताडपत्री आणि दोरी. बस. खुर्ची तिकडेच होती ना, ती तिकडे म्हणजे खुर्ची तिकडे. मी त्या झाकणाला धरून उभा राहिलो आणि एकेक आठवायला लागलो, आपण इथून काय काय नेलं आणि काय परत आणलं. काही परत आणलं नव्हतं. तिचं सगळं घर मी माझ्या हातानं, दोऱ्या बांधून, जड पुढं ठेवून, तिकडे नेऊन पोचवलं होतं.

आठवड्यानं गेलो ते विचारायचं ठरवूनच गेलो. ती टेबलाशी होती. बायकांना म्हणाली, जरा बाहेर जा गं. मी म्हटलं, तू परत यायचं नाही ठरवलंयस का? ती कापड कापत होती, ओळ पुरी केली तिनं, मधे नाही थांबली. मग कात्री ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही मला उचलता ना, तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तुम्ही श्वास घेता. एक मोठा. मग माझ्याकडे बघून हसता. इतकी वर्षं मी तो श्वास ऐकतेय. घरी असते तेव्हा जिना नसतानाही ऐकते. बाथरूमला जायचं असलं तरी आधी तो श्वास ऐकू येतो मला, आणि मी थांबते. थोडं थांबू, म्हणते, मग सांगू." मी म्हटलं, मी कधी तक्रार केली? ती म्हणाली, "तेच ना. केली असतीत तर भांडले असते." मग म्हणाली, "तुम्ही दमलात. मीही दमले, ओझं होऊन. रागावू नका. इथं मला काम आहे." मी म्हटलं, चहा घेऊ. घेतला. गाडीला किक मारली आणि आलो.

आता पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही. इथं गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की ती उपचारासाठी गेलीय, तिकडे एक चांगला डॉक्टर आहे. तुम्ही इथले नाही म्हणून — तर मी घरी आलो. जिना चढलो. रिकाम्या हातानं. मला वाटत होतं आता मी रडेन, दार उघडलं की तिची काठी दिसेल, भिंतीवर तिच्या हाताचे डाग आहेत ते दिसतील, आणि मी रडेन. दार उघडलं. गादीवर बसलो, बूट काढायचे म्हणून. आणि झोपलो. बुटांसकट. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो, लोक दुकानाचं दार ठोकून परत गेले होते. असा झोपलो, असा झोपलो, की उठल्यावर मला आधी अंग आठवलं, आपल्याला एक अंग आहे आणि ते दुखत नाहीये, हे आठवलं. आणि मग ती आठवली. त्या क्रमानं. आधी मी, मग ती. इतक्या वर्षांत तो क्रम कधी नव्हता.

—नाही, काही नाही, तुम्ही बसा. डोळ्यांत धूळ जाते कागदाची, जुन्या पुस्तकांची फार वाईट असते.

वाईट नाही चाललं तसं. मी जातो ना. बसनं जातो, महिन्यातून दोनदा-तीनदा, जमेल तसं. आणि एक सांगू? आम्ही बोलतो आता. मी गेलो की ती खुर्ची ढकलत दारापर्यंत येते, ती मला पाणी देते. ती मला. कुठल्या बाईनं काय केलं, गणवेशाचा रंग कसा फसला, सगळं सांगते. मी पुस्तकांचं सांगतो. एकदा म्हणाली, "बारीक झालात, पण तोंडावर तेज आलंय." मी म्हटलं, तुझ्याही. आणि त्याचा अर्थ काय होतो तो दोघांनाही कळला. तिथं मी पाहुणा असतो आणि ती घरची बाई. इथं असताना आम्ही काय होतो? एक उचलणारा आणि एक उचललेली. नवराबायको कधी होतो ते मला आठवायला लागतं. त्या मोटरसायकलवर होतो थोडे.

तर गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाली, "अहो, मला दोन दिवस न्याल का घरी?" मी म्हटलं, का गं, बरं नाही का? "छे, बरं आहे. सहज. घर बघावंसं वाटतंय. खिडकीत बसावंसं वाटतंय." बास, एवढंच म्हणाली. दोन दिवस. आता तुम्ही सांगा, काय मोठं मागितलं तिनं? स्वतःचं घर आहे. कुणीही म्हटलं असतं, उद्याच येतो. आणि माझ्या डोळ्यांपुढं काय आलं, तर तो जिना. ते वळण. मी इथं, या टेबलाशी उभा होतो फोन घेऊन, जिना चढतही नव्हतो, आणि मी श्वास घेतला. मोठा. तो तिला ऐकू गेला की नाही मला माहीत नाही. गेला असणार. आणि मी म्हटलं, "कसं आणणार? ट्रेलर विकला मी."

विकला नव्हता. हा इथंच होता, त्या दाराशी, मला दिसत होता. कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक. तिला खोटं मी कधी — म्हणजे लहानसहान, हो, पण असलं नाही. तिच्या मागं चालू असलेलं यंत्र थांबलं. मग म्हणाली, "विकलात? बरं झालं. उगीच गंजला असता." मी म्हटलं, हो ना. मग म्हणाली, "दोन बोटं जास्त धरली होती आपण, चांगलं काम झालं होतं त्याचं." मी म्हटलं, हो. आणि मग विचारलं तिनं, "चांगल्या माणसाला दिलात ना?" मी म्हटलं, हो, चांगल्या माणसाला दिला. म्हणाली, "मग ठीक आहे." ठेवला फोन. मी लगेच पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर लिहिलं विकणे आहे, आणि बाहेर लावला. तुम्ही पहिले आलात.

—नाही, परत फोन केला नाही. काय सांगू? नाही विकला म्हणू? मग आण म्हणेल. आणि मी आणीन, मला माहीत आहे, आणीनच. हसत आणीन, आणि तिला ते हसणं दिसेल. — तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला ट्रेलर हवाय ना? रोपं न्यायचीत ना? न्या मग. व्यवहाराचं तुम्हाला वाटेल ते, मला घासाघीस करायची नाही. — विचार करून सांगतो म्हणजे? आता काय विचार करायचा? चांगला आहे म्हणालात की मघाशी. माझ्या घरचं ऐकलंत म्हणून नको झालाय का? त्याचा याच्याशी काय संबंध? लोखंड आहे ते. तुम्ही चांगले दिसता, रोपं वाढवता, म्हणून तर बोललो एवढं, नाहीतर मी बोलत नाही गिऱ्हाइकांशी, विचारा कुणालाही.

बरं. नेता म्हणताय ना, मग बाकी काही नका सांगू. गाडी मागं घ्या, दारापर्यंत. आणखी. आणखी थोडी. थांबा, मी दांडी धरतो. हं. बसला. साखळी तुम्ही लावा, मला वाकवत नाही. जोड एकदा वर ओढून बघा, सुटत नाही ना? आता हळू जा पहिल्या दिवशी, उतारावर ब्रेक नका मारू. आणि पैसे नंतर, आत्ता नको — आत्ता जा तुम्ही. जा. मला ही पाठ चिकटवायचीय, खळ सुकून चाललीय.